खांदमळणीच्या दिवशीचा गोळा

अहो, पाय! पाय जरा बाजूला घ्या, मित्रांनो! मी इथे आहे, तुमच्या चपलेपासून चार बोटांवर. हा गोळा ढकलतोय तो मीच. डोकं खाली, पाठ वर आणि मागच्या पायांनी दणकून रेटा! तुम्हाला ही चाल उलटी वाटेल, पण आमच्या घराण्यात हीच रीत आहे. पुढे काय आहे ते मला दिसत नाही, म्हणून मधूनमधून मी गोळ्यावर चढतो, सूर्य कुठे आहे ते पाहतो, एक गिरकी घेतो आणि पुन्हा खाली उतरून कामाला लागतो.

मी एक जुना शेणकिडा आहे. जुना म्हणजे तुमच्या आजोबांइतका नव्हे. मी तीन पावसाळे पाहिले आहेत, पण आमच्यात तीन पावसाळे पाहिलेला म्हणजे गावातला सगळ्यात म्हातारा. माझ्या पुढच्या पायांना करवतीसारखे दाते होते, ते जमीन उकरून उकरून झिजले. पाठीवरची काळी चकाकी मात्र अजून शाबूत आहे, हे तुम्ही पाहिलंच असेल. नसेल पाहिलं तर वाका आणि पाहा!

नाक मुरडलंत ना? मला दिसलं. 'शेण खाल्लं' ही तुमच्याकडे शिवी आहे. आमच्याकडे ते रोजचं जेवण आहे, लग्नाचं जेवण आहे आणि बारशाचंही तेच आहे. मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. उलट या माळावर माझ्याइतकं कामाचं कोण आहे ते सांगा पाहू!

हा माळ सिल्लोडला जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या अंगाला आहे. मालक आप्पासाहेब. त्यांच्या गोठ्यात दोन बैलजोड्या, तीन गाई, दोन म्हशी आणि दोन गोऱ्हे, अशी अकरा जनावरं. त्यांचा मुलगा अभय शहरात उस्मानपुऱ्याला राहतो आणि नोकरी करतो. घरी आप्पासाहेब आणि त्यांच्या पत्नी सरूबाई. माळाच्या पलीकडे गाडीवाट, आणि गाडीवाटेच्या पलीकडे मुंजाबा आणि बानाबाई यांचं मेंढपाळाचं बिऱ्हाड. त्यांच्याकडे मेंढ्या आहेत आणि दोन गावरान गाई. माझ्या जगाचा नकाशा एवढाच.

माझा जन्म या माळाखाली, वीतभर खोल, शेणाच्या गोळ्यात झाला. माझ्या आईने गोळ्यात एकच अंडं घातलं आणि वरून तो लिंपून टाकला. त्या अंड्यातून मी निघालो. डोळे उघडावेत तर अंधार, पण तोंड उघडावं तर जेवण! मी माझ्या घराच्या भिंती आतून खात खात वाढलो. घर संपत आलं तेव्हा मी मोठा झालो होतो. मग वरून ओल झिरपली, माती मऊ झाली आणि मी डोक्याने धडका देत बाहेर आलो. समोर हिरवागार माळ, आणि वाऱ्यावर ताज्या शेणाचा वास! मित्रांनो, तो दिवस आठवला की आजही माझे पंख आपोआप उघडतात.

आता माझं काम ऐका. एक गाय दिवसातून आठ-दहा वेळा शेण टाकते. अकरा जनावरांचे झाले शंभर पोवटे. शेणाच्या त्या चकत्या जागच्या जागी पडून राहिल्या, तर महिन्यात माळावर पाय ठेवायला जागा उरणार नाही. पण शेण पडलं रे पडलं की आमची फौज उतरते! कोणी त्याच्या खालीच बिळं पाडून ते आत ओढतं. कोणी शेणातच घर करतं. आणि आमच्यासारखे कसबी कारागीर त्याचा गोळा वळतात आणि लांब नेऊन पुरतात. माझ्या पोटाखाली बारीक तांबूस जीव चिकटलेले असतात. ते फुकटे प्रवासी आहेत असं मला आधी वाटायचं आणि मी त्यांच्यावर चिडायचो. पण शेणापाशी पोहोचलो की ते पटापट उतरतात आणि माशांची अंडी फस्त करतात. तेव्हापासून मी त्यांना मानाने घेऊन फिरतो.

आम्ही पाडलेल्या बिळांतून पावसाचं पाणी आत जातं. आम्ही पुरलेलं शेण गवताच्या मुळांना मिळतं. गवत वाढतं, ते गाई-मेंढ्या खातात आणि आमच्यासाठी पुन्हा शेण टाकतात. काय झकास व्यवस्था आहे! यात कोणी कोणाला हुकूम सोडत नाही, तरी सगळी कामं होतात. नीळकंठ पक्षी मात्र तारेवर बसून आमच्यावर डोळा ठेवतो. माझे दोन भाऊ त्याने माझ्यादेखत उचलले. मला त्याचा राग येतो, अगदी मनापासून येतो. पण टोळ आणि नाकतोडेही तोच खातो, नाहीतर आप्पासाहेबांचा मका त्यांनी कधीच साफ केला असता. म्हणून मी त्याला शिव्या देतो आणि गोळ्यामागे लपतो.

शहर इकडे सरकतंय, हे मला ठाऊक होतं. हर्सूलच्या बाजूने येणारे बगळे सांगत, की तिकडच्या माळांवर प्लॉटिंगचे दगड रोवलेत आणि जेसीबी फिरतोय. मला भीती त्या जेसीबीची होती. आमच्या माळावर संकट आलं ते मात्र सुईच्या टोकातून आलं.

त्याचं असं झालं. आप्पासाहेबांचा त्यांच्या बैलांवर फार जीव. त्यातही हरण्या नावाचा बैल म्हणजे त्यांच्या गळ्यातला ताईतच. पोळ्याला गावात सगळे बैल सजून निघतात, तेव्हा आप्पासाहेबांची जोडी आणि सांडूभाऊंची जोडी यांची चुरस असते. गेल्या वर्षी भर मिरवणुकीत हरण्याच्या कानामागे टपोरे गोचीड निघाले. सांडूभाऊ चारचौघांत म्हणाले, "आप्पा, बैलाला डूल घातले का काय?" सगळे हसले. आप्पासाहेबांनी ते हसणं वर्षभर मनात ठेवलं.

म्हणून यंदा श्रावण लागताच त्यांनी अभयकडून गोचिडाच्या इंजेक्शनची बाटली मागवली. गोचीड होते दोन-तीन जनावरांना. पण आप्पासाहेब म्हणाले, "एकाला कशाला, समद्यांलाच टोचू!" आणि त्यांनी अकराच्या अकरा जनावरांना ते टोचलं. डॉक्टरांना विचारलं नाही, की दुसरं कोणाला विचारलं नाही. दुसरा डोस पोळ्याच्या तोंडावर द्यायचा, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

श्रावण म्हणजे आमचे अंडी घालायचे दिवस! माळावर नुसती धांदल उडालेली होती. मी आणि माझी जोडीदारीण, आम्ही पहिल्याच आठवड्यात चार गोळे वळून पुरले. शेणाचा वास नेहमीसारखा होता. चवही नेहमीसारखी होती. जनावराच्या अंगात टोचलेलं औषध शेणातून बाहेर येतं, हे आम्हाला कोण सांगणार?

आधी शेजारचे ढिले पडले. गोळा वळताना त्यांचे पाय थरथरू लागले. मग ते गोळ्यापाशीच उताणे पडून राहू लागले. एके दिवशी माझी जोडीदारीण गोळ्यावर चढायला गेली आणि घसरली. पुन्हा चढली, पुन्हा घसरली. मी तिला खालून डोक्याने आधार दिला. ती उन्हात पडून पाय हलवत राहिली आणि संध्याकाळपर्यंत तेही थांबले. मी तिच्याजवळ बसून होतो. मला काहीच करता आलं नाही, मित्रांनो.

मग मी आमचे चार गोळे उकरून पाहिले. असं कधी करू नये, पण मला राहवेना. चारही गोळ्यांत अळ्या मेलेल्या होत्या. भिंती तशाच जाडजूड होत्या, कोणी त्या खाल्ल्याच नव्हत्या.

माळाची कळा बघता बघता पालटली. शेणाचे पोवटे पडले तिथेच वाळून खडखडीत झाले. त्यांच्याखालचं गवत पिवळं पडलं. शेणाच्या कडेचं गवत जनावर खात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आणि आता तर सगळीकडे शेणच होतं! बैल माळावर यायचे, हुंगायचे आणि तोंड फिरवायचे. एक जोराची सर आली, तर पाणी जमिनीत न मुरता सरळ गाडीवाटेवर धावलं, आणि वरची तांबूस माती सोबत घेऊन गेलं. मला सगळीकडे एकट्यालाच फिरावं लागत होतं. मी कसा वाचलो? म्हातारा झालो होतो, खाणं कमी झालं होतं, एवढंच त्याचं कारण असावं. आणखी एक डोस पडला की या माळावरचं आमचं नाव पुसलं जाणार होतं.

आणि मग आला खांदमळणीचा दिवस. पोळ्याच्या आदल्या दिवशी, वर्षभर जू ओढून सोलवटलेले बैलांचे खांदे कोमट पाण्याने धुतात आणि हळद-तूप लावून चोळतात. त्याला खांदमळणी म्हणतात. माळाच्या कडेला लिंबाखाली आप्पासाहेब हरण्याचा खांदा चोळत होते. सरूबाई तांब्याने पाणी घालत होत्या आणि रिवाजाप्रमाणे बैलाच्या कानाशी म्हणत होत्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." जवळच दगडावर इंजेक्शनची बाटली आणि सुई काढून ठेवलेली होती. ती मला लांबून चमकताना दिसली. मी एका वाळक्या पोवट्याखाली शिरून बसलो. भीतीने, दुसरं काय!

एवढ्यात माझं छप्पर उडालं! कोणीतरी काठीच्या टोकाने अख्खा पोवटा उलटा केला होता. वर पाहतो तर बानाबाई. गाई चारत त्या गाडीवाटेने चालल्या होत्या. त्यांनी आणखी चार पोवटे उलटून पाहिले. खाली एकही भोक नव्हतं. मग त्यांनी मला दोन बोटांनी उचललं आणि तळहातावर ठेवलं. माणसाच्या तळहातावर मी पहिल्यांदाच चढत होतो. तो खडबडीत होता आणि त्याला मेंढीच्या लोकरीचा वास येत होता. त्या मला घेऊन सरळ लिंबाखाली गेल्या.

"आप्पासायेब, माळावर किडा का नाय वो?"

आप्पासाहेब खुशीत हसले. "नाय तेच बरं की! गोचीड नाय, किडा नाय. समदं साफ करून टाकलं. औंदा सांडू बघतच ऱ्हाईल."

"गोचीड येगळी अन् ह्यो येगळा," बानाबाई म्हणाल्या आणि तळहात त्यांच्यापुढे धरला. "साऱ्या माळावर ह्यो एकच घावला, अन् त्योबी म्हातारा."

मला म्हातारा म्हटलेलं आवडलं नाही. पण वेळ तशी नव्हती.

"एवढ्याशा किड्यानं काय बिघडतंय?" आप्पासाहेबांनी बाटली हातात घेतली.

"आमचं बिघडलं की. दोन सालाखाली आमीबी हेच केलं. दर म्हैन्याला साऱ्या कळपाला टोचलं. मेंढरं दिसायला लई झ्याक झाली. पर लेंडी जिथं पडली तिथंच ऱ्हायली, मातीत काय गेली नाय. ज्यांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवतो, ते म्हनले, बानाबाई, औंदा तुमच्या खतात दम नाय. दुसऱ्या साली कुनी बोलवलंबी नाय. मंग टोचनं सोडलं, तवा कुठं किडा परत आला."

आप्पासाहेबांनी बाटली खाली ठेवली नाही. तेव्हा सरूबाई बोलल्या. "मी कवाधरनं सांगतेय, हरण्या चार दिसांपून माळावर तोंड लावीना. बरगड्या दिसाय लागल्यात त्याच्या. टोचून टोचून पोळ्याला असला बैल न्यायचा व्हय?"

आप्पासाहेबांनी हरण्याकडे पाहिलं. नजर चकाकी शोधत होती आणि बरगड्या मोजत होती. तरी ते म्हणाले, "तुमी बायका कायबी बोलता. पाऊस कमी झालाय, गवत कमी हाय."

"पाऊस आमच्याकडंबी तेवढाच झाला," असं म्हणून बानाबाईंनी सरूबाईंच्या हातातला तांब्या मागून घेतला. त्या माळावर दहा पावलं आत गेल्या. मी त्यांच्या डाव्या हाताला घट्ट धरून बसलो होतो. त्यांनी निम्मा तांब्या एका वाळक्या पोवट्याशेजारी ओतला. पाणी थांबलंच नाही. उतार धरून ते आप्पासाहेबांच्या पायांपर्यंत गेलं आणि पुढे निघून गेलं.

"आता चला," त्या म्हणाल्या.

तिघंही गाडीवाट ओलांडून पलीकडे गेले, जिथे बानाबाईंच्या गाई चरतात. तिथली जमीन पाहून मी हातावरच उड्या मारायला लागलो. जागोजागी भोकं! ताज्या मातीचे छोटे ढीग! आमचीच माणसं, म्हणजे आमचेच किडे! बानाबाईंनी उरलेलं पाणी तिथे ओतलं. बुडबुड बुडबुड असा आवाज झाला, आणि आप्पासाहेब खाली वाकेपर्यंत पाणी गडपही झालं. त्यांनी जमिनीवर हात ठेवला. मग गुडघे टेकून नीट पाहिलं. एका भोकातून एक काळा किडा बाहेर आला, त्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि शेणाचा लचका घेऊन पुन्हा आत गेला. शाबास रे पठ्ठ्या!

"बैलाला जेवणाचं आवतन देता," बानाबाई हळूच म्हणाल्या, "अन् ज्यो त्याचं गवत पिकवतो, त्याला इख घालता."

आप्पासाहेब उठले. त्यांनी बाटली सरूबाईंच्या हातात दिली. "कपाटात ठिव. चिमटा आन, अन् वाटीत राकेल आन. गोचीड हातानंच येचू."

"ज्याला लई झाली त्यालाच टोचा, डाक्टरला इचारून," बानाबाई म्हणाल्या. "अन् टोचलं की त्याला पंधरा-ईस दिस दावणीलाच बांधा. त्याचं शेण माळावर येऊ देऊ नका."

"व्हय," आप्पासाहेब म्हणाले. एवढंच म्हणाले, पण ते म्हणाले हे मी माझ्या कानांनी, म्हणजे माझ्या मिशांनी ऐकलं!

मग बानाबाईंनी मला त्यांच्या कपिला गाईच्या ताज्या शेणाशेजारी सोडलं. काय सांगू मित्रांनो! आठवडाभर मी धड जेवलो नव्हतो. पण मी खाल्लं नाही. आधी गोळा वळायला घेतला. झिजलेल्या पायांनी तो नीट वळेना, एका बाजूला चपटा राहू लागला. तेवढ्यात समोरून एक तरुण मादी आली. तिने माझा गोळा पाहिला, मला पाहिलं, आणि मुकाट्याने चपटी बाजू थोपटून गोल करायला लागली. माझं काळीज असं धडधडलं, की तीन पावसाळे मागे गेल्यासारखं वाटलं.

गोळा तिथेच पुरता आला असता. जमीन मऊ होती, शेजार भरलेला होता. पण मी गोळ्यावर चढलो, सूर्य पाहिला आणि तोंड माझ्या माळाकडे केलं. तिथे आता आमचं कोणीच नव्हतं, म्हणूनच तिथे जायला हवं होतं. गाडीवाटेतल्या चाकोऱ्या म्हणजे आमच्यासाठी दऱ्याच. दोनदा गोळा आत गडगडला, दोनदा आम्ही तो वर काढला. तारेवर नीळकंठ होताच. मी त्याला मनात म्हटलं, आजच्या दिवस नाकतोडे खा रे बाबा! त्याने खरंच तिकडे झेप घेतली.

आमच्या माळावरची माती टणक झाली होती. माझे पाय तिला लागेनात. मग मादीने उकरलं आणि मी माती बाजूला ओढली. उन्हं कलताना गोळा खाली गेला. तिने त्यात अंडं घातलं, तोंड लिंपलं आणि ती वर आली. वर येताना ती सगळी मातीने माखली होती आणि अतिशय सुंदर दिसत होती.

पोळ्यात काय झालं ते मला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सरूबाईंकडून कळलं. त्या बांधावरून बानाबाईंना ओरडून सांगत होत्या. मिरवणुकीत हरण्याच्या कानामागे एक गोचीड राहिलाच होता आणि तो नेमका सांडूभाऊंनाच दिसला. ते पुन्हा हसले. तेव्हा आप्पासाहेब चारचौघांत म्हणाले, "हसा सांडू. तुमीबी समद्यांला टोचलंय, म्हनून तुमच्या बैलाला एकबी गोचीड नाय. पर उद्या तुमच्या माळावर जाऊन एक पोवटा उलटा करून बगा, अन् मग मला सांगा." सांडूभाऊंचं हसणं तिथेच थांबलं.

तेव्हापासून पंधरा दिवस झाले. आप्पासाहेबांच्या जनावरांचं शेण आता हळूहळू चांगलं होतंय. आज सकाळी पलीकडून तीन किडे उडत आले आणि माळावर उतरले. मी त्यांना सगळी वाट दाखवत फिरलो, इतका फिरलो की आता पाय उचलत नाहीत. आताचा हा गोळा माझ्यासाठी नाही. त्यांच्यातल्या एका जोडीचा आहे, मी फक्त थोडा हातभार लावतोय.

मित्रांनो, मी पुढचा पावसाळा पाहणार नाही. याचं मला वाईट वाटतं, कारण पाहण्यासारखं फार आहे! माझं पोर मातीखाली आहे. आता ते घराच्या भिंती खात असेल. पाऊस आला की डोक्याने धडका देत वर येईल, आणि समोर जे पहिलं शेण दिसेल त्यावर आनंदाने उडी मारेल. ते वास घेईल, चव घेईल, पण त्या जनावराला काय टोचलंय हे त्याला कळणार नाही. आणि विचारायचं म्हटलं तरी त्याला तुमची भाषा येत नाही.

तुम्हाला येते. तेवढं विचाराल ना?